धुवायचा राहिलेला आरसा

"हे कुणी धुतलं?" इन्स्पेक्टर मारेंगोने उंबऱ्यावरूनच विचारलं.

"मी," निकानोरा म्हणाली आणि एप्रनला हात पुसत पुढे झाली. तिला वाटलं, आता हा शहरातला माणूस दोन शब्द बरे बोलणार.

बोलायला हरकत नव्हती. दुकानदार दॉन फेर्मीनच्या खोलीतली जमीन तिने राखेच्या पाण्याने अशी घासली होती की विटांचा मूळचा लाल रंग कितीतरी वर्षांनी वर आला होता. रक्त उडालेल्या भिंतीवरून चुन्याचा हात फिरवला होता. दाराची कडी, खाटेचे खूर, खुर्च्यांच्या पाठी, सगळं साबण लावून लख्ख केलं होतं. लास तोस्कास गावात कुणाचंही माणूस गेलं की पाद्रीच्या आधी निकानोरा लेदेस्माला निरोप जायचा. ती यायची, मृताला आंघोळ घालायची, कपडे चढवायची, घर धुऊन काढायची आणि पुढे नऊ दिवस जपमाळ हातात धरून प्रार्थना सांगायची. गावात सुइणी दोन होत्या, पण या कामाला ती एकटीच. पिऊन पिऊन नवरा गेला तेव्हा त्यालाही तिनेच धुतलं होतं, आणि पदरात राहिलेल्या एकुलत्या एका पोराला याच कामावर वाढवलं होतं.

इन्स्पेक्टर मात्र आपल्या चामड्याच्या पेटीवर मटकन बसला. ला प्लाता शहरातून आधी आगगाडीने आणि मग हाडं खिळखिळी करणाऱ्या घोडागाडीने तो आला होता. अंगभर मैदानातली धूळ, आणि पुढ्यात ही आरशासारखी चकचकीत खोली.

"बाई, इथे माणूस भोसकून मारलाय. आणि तुम्ही खोली लग्नघरासारखी करून ठेवलीत?"

"मग काय रक्तात ठेवायची? गाव येणार होतं प्रार्थनेला. दॉन फेर्मीनला काय वाटलं असतं?"

"दॉन फेर्मीन मेलाय!"

"म्हणूनच तर," निकानोरा म्हणाली.

गावचा फौजदार बुस्तोस छताकडे बघू लागला. खून उघडकीला आला त्या सकाळी हा गृहस्थ याच खाटेच्या पायथ्याशी बसून भोपळ्यातला कडू काढा नळीने ओढत होता, आणि "आटपा लवकर, उन्हाळ्याचे दिवस आहेत" असं त्यानेच निकानोराला बजावलं होतं. पण ते सांगायची ही वेळ नव्हती, निदान त्याच्या मते तरी नव्हती.

मारेंगोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग लहान मुलाला समजवावं तसं तो बोलायला लागला. माणसाच्या बोटांच्या टोकांवर बारीक रेघा असतात. एकाच्या रेघा दुसऱ्यासारख्या कधीच नसतात. बोट कुठेही टेकलं, रक्ताचं असो की तेलाचं, की त्या रेघा तिथे उमटतात. ला प्लाताच्या कचेरीत आता त्या रेघा वाचून माणूस ओळखतात.

"ज्याने मारलं त्याने या खोलीत कुठेतरी हात टेकलाच असेल. दाराला, खाटेला, भिंतीला. मला फक्त तो हात हवा होता. आणि तुम्ही तो धुतलात."

निकानोराच्या डोक्यात काही शिरेना. इतकी वर्षं गावाने तिला बोलावलं ते कशासाठी? मागे काही राहू नये म्हणून. आणि हा माणूस म्हणतो की मागे राहायला हवं होतं. उन्हाने डोकं फिरलेली माणसं तिने पाहिली होती. याचं तसंच काही असावं असं तिला वाटून गेलं.

"काही म्हणजे काहीच राहिलं नाही?" त्याने विचारलं, आणि त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे काळं कापड टांगलेलं होतं. "तिथे काय आहे?"

"आरसा," निकानोरा म्हणाली.

इन्स्पेक्टर उठला, तशी कोपऱ्यात बसलेली दोन्या ग्रासियाना ताडकन उभी राहिली. ही दॉन फेर्मीनची थोरली बहीण. अंगणापलीकडच्या खोलीत निजायची आणि कानाने अधू होती, म्हणून त्या रात्री तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"हात लावू नका! नऊ दिवस व्हायच्या आत आरसा उघडला की त्याच घरातलं आणखी एक माणूस जातं. आणि या घरात उरलंय कोण? मी! मला मारायला आलात का ला प्लाताहून?"

दाराशी जमलेल्या बायकांनी छातीवर क्रूस काढले. फौजदार इन्स्पेक्टरच्या कानाशी लागला, "राहू द्या साहेब. गाव बिथरेल."

मारेंगोने उसासा टाकला. "तोही धुतलाय का?"

"धुतलाय," निकानोरा म्हणाली.

उचकी लागावी तसा तो शब्द तिच्या तोंडून निघाला. आपण असं का म्हटलं, हे तिला त्या क्षणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कारण आरसा धुतलेला नव्हता.

त्या सकाळी ती खोलीत शिरली तेव्हाच आरसा तिरका झालेला तिला दिसला होता. दॉन फेर्मीनच्या बापाने समुद्रापलीकडून आणलेला सोनेरी चौकटीचा मोठा आरसा तो. खाली डाव्या कोपऱ्यात काचेवर बोटं उमटलेली होती. तपकिरी, वाळलेली, धरून उचलताना उमटावीत तशी. तिने फडका उचललाही होता. पण दोन्या ग्रासियाना ओरडली, "आधी झाक गं, आधी झाक! त्याच्या आत्म्याने स्वतःला पाहिलं तर तो आत अडकेल." म्हणून तिने आधी कापड टांगलं. मग बाकीचं सगळं धुतलं. आणि एकदा टांगलेलं कापड नऊ दिवसांच्या आत काढायचं नसतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं काम अर्धं राहिलं होतं, आणि तेवढंच तिला खुपत होतं. दुपारी अन्सेल्मोला पकडून नेईपर्यंत.

अन्सेल्मो म्हणजे तिचा मुलगा. लोकरीच्या गाड्या हाकायचा. रागीट, पण मुंगी मारणार नाही असा, निदान आईच्या मते. दॉन फेर्मीनचं दुकान म्हणजे पुढे किराणा आणि मागे गुत्ता. खून व्हायच्या आदल्या रविवारी तिथे पत्त्यांचा डाव रंगला होता. अन्सेल्मो जिंकायला लागला तसा दॉन फेर्मीन नाक धरून म्हणाला, "सरक रे जरा, तुझ्या अंगाला मढ्यांचा वास येतो." सगळे हसले. अन्सेल्मोने कमरेचा सुरा उपसून फळीवर रोवला आणि अख्ख्या गुत्त्यासमोर सांगितलं, "एक दिवस तुलाही माझीच आई धुवेल."

आठवडा उलटायच्या आत तिनेच त्याला धुतलं. मग फौजदाराने आणखी शोधायचं ते काय?

हे झालं गावाला ठाऊक असलेलं. निकानोराला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, ती कुणालाच ठाऊक नव्हती. त्याच सकाळी, दोन्या ग्रासियानाचं बोलावणं यायच्या आधी, ती अंगणात गेली तर दोरीवर अन्सेल्मोचा सदरा वाळत होता. जन्मात स्वतःचा रुमाल न धुतलेल्या पोराने रात्री येऊन, आईला न उठवता, सदरा धुतला होता. म्हणतात ना, मन चिंती ते वैरी न चिंती. सदऱ्याला कसला डाग नव्हता, पण नसायचाच. तोही तिचाच मुलगा होता.

आता तिच्या जिवाची कशी ओढाताण झाली ते बघा. आरशावरची बोटं दुसऱ्या कुणाची असली तर एका शब्दात तिचा मुलगा सुटणार होता. आणि त्याची असली तर तोच शब्द त्याला जन्मभर गजाआड घालणार होता. बोललं तरी भीती, गप्प राहिलं तरी भीती. आपल्या मुलाने हे केलेलं नाही असं तिला ठामपणे वाटायचं, म्हणजे दिवसभर वाटायचं. पण दोरीवर काहीही वाळताना दिसलं की वाटेनासं व्हायचं.

ती कोठडीवर जेवण घेऊन जायची. कोठडी म्हणजे फौजदाराच्या घोड्यांच्या तबेल्याशेजारची खोली. गजांतून अन्सेल्मो हात बाहेर काढायचा आणि ती भांडं देताना त्या हातांकडे बघत राहायची. बोटांची टोकं काळी होती.

"हे काय रे?"

"शाई. त्या इन्स्पेक्टरने दहाही बोटं कागदावर उमटवून घेतली. मी म्हटलं घ्या, पायाचीपण घ्या." तो हसला. दाढी वाढली होती, डोळे आत गेले होते. "चांगला माणूस वाटतो, आई. म्हणतो, धमकी म्हणजे पुरावा नव्हे. तिथे एखादं बोट जरी उमटलेलं सापडलं असतं ना, तर मी आजच्या आज घरी आलो असतो."

"असं म्हणाला तो?"

"असं मी म्हणतोय." मग त्याने गजाला कपाळ टेकवलं. "तूच होतीस ना तिथे पहिली. नीट आठव. काही राहिलं नाही का कुठे? खाटेखाली, फळीवर, कुठेही?"

आता खरं तर याहून स्पष्ट कुणी काय बोलायचं? ज्याची बोटं तिथे उमटलेली आहेत तो असं विचारेल का? निकानोराला हे कळलं. पण लगेच असंही वाटलं की ज्याची बोटं उमटली आहेत तोच असं विचारेल. काही राहिलं नाही ना, याची खात्री करून घ्यायला. आणि हा विचार आपल्या डोक्यात आलाच कसा?

"काही नाही राहिलं," ती म्हणाली. "जेवून घे. गार होईल."

सदऱ्याचं ती विचारू शकली असती. पण विचारणं म्हणजेच तूच मारलंस का असं म्हणणं होतं, आणि आईने ते एकदा म्हटलं की परत कसं घ्यायचं?

इन्स्पेक्टर गावातच मुक्काम ठोकून बसला होता. दुकानाच्या फळीवर काच, रूळ आणि शाई मांडून त्या घरात पाऊल टाकलेल्या प्रत्येकाची बोटं उमटवत होता. गावाला ती एक करमणूकच झाली. काहीजण हौसेने यायचे, काही म्हातारे मात्र "हात दाखवून अवलक्षण कशाला" म्हणून लांबूनच कटायचे. दुकानातला नोकर सेबेरो सगळ्यांत आधी पुढे झाला होता. सेबेरो दॉन फेर्मीनकडे वर्षानुवर्षं होता, त्याला बाप म्हणायचा, आणि प्रार्थनेला इतका रडायचा की बायका त्याला पाणी आणून द्यायच्या.

निकानोराची पाळी आली तेव्हा मारेंगोने तिचा अंगठा धरला, शाईवर फिरवला, कागदावर टेकवला. पुन्हा टेकवला. मग भिंग लावून बघितलं आणि मान हलवली.

"तुमच्या रेघा नीट उठत नाहीत, बाई. झिजल्यात."

"राखेचं पाणी खातं हात," ती म्हणाली. मग इकडेतिकडे बघून तिने हळूच विचारलं, "साहेब, आईच्या आणि मुलाच्या रेघा सारख्या असतात का हो?"

"नाही."

"थोड्या तरी?"

"जुळ्या भावांच्यासुद्धा नसतात. प्रत्येक माणूस आपल्या रेघा घेऊनच जन्माला येतो."

"मग नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतात? म्हणजे समजा, आईला?"

मारेंगोने भिंग खाली ठेवलं आणि तिच्याकडे जरा निरखून बघितलं. "का विचारता?"

"उगीच," निकानोरा म्हणाली आणि शाई लागलेला हात एप्रनखाली घेऊन बाहेर पडली.

तिला वाटेत रडू आलं. पोटचा गोळा म्हणतात, त्याचं नाक तिच्या बापाचं, चालणं तिच्या नवऱ्याचं, आणि बोटांवर मात्र तिची एक रेघही नाही. नऊ महिने पोटात ठेवूनही तिला ओळखता न येणारं असं काही त्याच्यापाशी होतं, हे या परक्या माणसाने काचेच्या भिंगातून बघून तिला सांगावं! विज्ञान म्हणजे काय हे तिला कुणी विचारलं असतं तर तिने तेव्हा शिवीच दिली असती.

रोज दुपार कलली की ती प्रार्थना सांगायला त्या खोलीत जायची. समोर काळं कापड. डावीकडे दोन्या ग्रासियाना, उजवीकडे गुडघ्यांवर बसलेला, हुंदके देणारा सेबेरो. "त्याला चिरशांती दे," निकानोरा म्हणायची आणि सगळे पुढचा चरण म्हणायचे. तिचं तोंड प्रार्थना म्हणत असे आणि डोळे कापडाच्या खालच्या कोपऱ्यावर खिळलेले असत. कापड जरासं वर करायचं, थुंकी लावलेलं बोट फिरवायचं, संपलं. खोलीत ती एकटी राहायची असे कितीतरी क्षण आले. एकदा तर तिने कापडाचा काठ चिमटीत धरलाही. पण मग तिला अन्सेल्मोचं गजाला टेकलेलं कपाळ आठवलं आणि तिने काठ सोडून दिला. लगेच तिने स्वतःला समजावलं की आपण रीत मोडू नये म्हणून सोडला. नऊ दिवस होईपर्यंत तसंही काही करता येत नाही. तोवर देव काहीतरी सुचवेल. देवावर भार टाकून माणसं किती दिवस काढतात याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

देवाने काही सुचवलं नाही. फौजदाराने मात्र निरोप धाडला: प्रार्थना संपल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी अन्सेल्मोला ला प्लाताला नेणार. इन्स्पेक्टरच्या हाती दुसरं काहीच लागलं नव्हतं, आणि वरून तारा येत होत्या.

शेवटच्या दिवशी खोली माणसांनी भरली होती. प्रार्थना झाली. शेजारणींनी केक आणि गोड दारू वाटली. मग रिवाजाप्रमाणे सगळे भिंतीकडे वळले. ज्या बाईने आरसा झाकला तिनेच तो उघडायचा आणि ओल्या फडक्याने पुसायचा, म्हणजे नऊ दिवसांचं दुःख काचेवरून निघून जातं. फडका निकानोराने घरून भिजवूनच आणला होता. राखेच्या पाण्यात.

तिने कापड काढलं.

पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट काचेवर पडत होतं. खालच्या कोपऱ्यात बोटं होती तशीच होती. तिला वाटलं होतं त्याहून ठळक. ती वाकली. तिने रेघा बघितल्या, गोल गोल, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. या रेघा कुणाच्या? ती बघत राहिली. काहीच बोलेनात त्या.

"काय गं तो डाग?" मागून दोन्या ग्रासियाना म्हणाली. "पूस ना, निकानोरा. सगळे थांबलेत."

निकानोराचा हात वर गेला. फडक्यातून एक थेंब तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"द्या मावशी, मी पुसतो." सेबेरो एकदम पुढे घुसला होता. "द्या इकडे. दमलात तुम्ही."

नऊ दिवसांत या पोराने कुणाच्या मदतीला साधा पेलाही उचलला नव्हता. निकानोराने मान वळवली नाही, आरशातच त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे तिच्याकडे नव्हते. त्या कोपऱ्याकडे होते, आणि तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. त्याने फडक्याला हात घातला. तिने सोडला नाही. क्षणभर दोघं त्या एवढ्याशा ओल्या चिंधीसाठी कुत्र्यांसारखी झोंबली.

"हात लावू नकोस!" ती किंचाळली. "इन्स्पेक्टर! साहेब! इकडे या!"

मारेंगो दुकानात आपली पेटी आवरत होता. तो धावत आला. त्याने आरसा उतरवून खिडकीपाशी नेला तेव्हा मागे भिंतीत एक कोनाडा दिसला. दॉन फेर्मीन आपली बचत गुपचूप तिथे ठेवायचा, ती आता तिथे नव्हती. इन्स्पेक्टरने पेटीतून कागद काढले, भिंग काढलं आणि कुणाशी एक शब्द न बोलता तो काचेवर वाकला. फौजदाराने दार अडवलं, त्याची काही गरज नव्हती. सेबेरो जमिनीवर बसला होता आणि रडत होता. नऊ दिवस रडला तसाच. त्यामुळे आधीचं रडणं खोटं होतं की हे, ते कुणालाच सांगता येईना.

"अंधार होता," तो म्हणत होता, "मला काय ठाऊक काचेला हात लागला ते."

त्याला घेऊन गेल्यावर मारेंगो निकानोरापाशी आला. "बाई, तुम्ही मला म्हणाला होतात की आरसा धुतलाय."

"विसरले असेन."

"तुम्ही धुतलेलं विसरणाऱ्यातल्या वाटत नाही."

तिने फडक्याची घडी घातली. त्याने जास्त ताणलं नाही. त्याने तो आरसा गोधडीत गुंडाळून बरोबर घेतला. दोन्या ग्रासियानाने एका शब्दाने अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अन्सेल्मो घरी आला. निकानोराने मांस, भोपळा आणि मक्याची कणसं घालून भलंमोठं भांडं चुलीवर चढवलं होतं. पहाटेपासून ती चुलीपाशीच होती. तो आला, दाराशी थांबला, तिच्या कपाळाला ओठ लावून आत गेला आणि टेबलाशी बसला. तिने वाढलं. तो जेवायला सुरुवात करीना.

"सगळं गाव वाटेत भेटलं," तो म्हणाला. "सगळे म्हणाले, तुझ्या आईने वाचवलं तुला."

"देवाने वाचवलं."

"कुणी म्हणालं, फडका हातात होता."

"रीत आहे ती. कापड काढलं की आरसा पुसायचा."

"हात वर गेला होता म्हणे."

"गेला होता," निकानोरा म्हणाली.

बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. अन्सेल्मोने ताट जरा बाजूला सारलं.

"तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तिथे बोटं आहेत ते. मी गजांतून विचारलं तेव्हाही ठाऊक होतं."

"नऊ दिवस कापड काढता येत नाही, पोरा."

"सांगता तर येतं."

तिने मान खाली घातली. मग एकदम म्हणाली, "सदरा का धुतलास रे त्या रात्री?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. कुठल्या सदऱ्याबद्दल बोलते आहे हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला. गेला नसता तर तिला बरं वाटलं असतं.

"जिन प्यायलो होतो. अंगावर ओकलो. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, बापावर गेला. म्हणून धुतला." तो थांबला. "विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"विचारायचं धाडस झालं नाही."

"सेबेरो मध्ये घुसला नसता तर पुसला असतास?"

नाही म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. मुलगा समोर बसला होता, जिवंत, सुटून आलेला, आणि त्याला तेवढा एक शब्द हवा होता. निकानोराने तो शब्द मनात शोधून बघितला. वर गेलेला आपला हात तिने पुन्हा पुन्हा आठवला. त्या हाताच्या मनात काय होतं ते तिला काही केल्या कळेना.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "खरंच ठाऊक नाही रे."

अन्सेल्मोने मान हलवली, हळूहळू, दोनतीनदा. मग त्याने बाह्या मागे सारल्या आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले, तळवे वर करून, तिच्या पुढ्यात.

"बघून ठेव," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पुढच्या वेळी ओळखता येतील."

निकानोरा उठून त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने त्याचा उजवा हात उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. अंगठ्याखाली विळ्याचा व्रण होता. तो झाला तेव्हा तिनेच त्यावर कोळ्याचं जाळं दाबून धरलं होतं. करंगळी जराशी वाकडी होती, ती जन्मापासून तशीच. लगामांनी घट्टे पडले होते. बोटांच्या टोकांवरच्या खाचांत अजून शाई होती. ती आणखी जवळ वाकली आणि त्या टोकांकडे बघायला लागली. कितीतरी वेळ बघत होती, पण डोळ्यांत पाणी दाटलं होतं आणि तिला एकही रेघ नीट दिसत नव्हती.

ताटातली वाफ कधीच बसली होती. थोड्या वेळाने अन्सेल्मोने हात सोडवून घेतला आणि चमचा उचलला.